चाळिशीत मार्शल आर्ट शिकायचंय? कलेचं नाव नंतर, वर्ग आधी बघा



पालकसभा संपली की दोन-चार पालक हमखास मागे रेंगाळतात. बहुतेकांचा प्रश्न मुलांच्या मार्कांचा असतो. या वेळी मात्र सातवीतल्या एका मुलीचे वडील थांबले आणि जरा संकोचून म्हणाले, "मॅडम, तुम्ही ज्युदोला जाता असं पोरगी सांगत होती. मलाही काहीतरी सुरू करायचंय. शुगर बॉर्डरवर आलीय. कराटे लावू का ज्युदो? का या वयात नकोच?"

त्यांचं वय बेचाळीस. माझं त्रेचाळीस. उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही. "रविवारी सविस्तर लिहूनच काढते," असं सांगून सुटले. आता लिहायला बसलेय, तर आपल्या शिक्षकांपैकीही कितीतरी जणांना हा प्रश्न पडत असेल असं वाटतं, म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. मोठ्या वयात मार्शल आर्ट निवडताना "कोणती कला चांगली?" हा प्रश्न आपण पहिला विचारतो. तो खरं तर शेवटी विचारायला हवा. पहिला प्रश्न शिकवणाऱ्याचा: तो वर्गातल्या सगळ्यात कच्च्या माणसाशी कसा वागतो? दुसरा आपल्या शरीराचा. तिसरा घरापासूनच्या अंतराचा. कलेचं नाव त्यानंतर. मी हे सगळं उलट्या क्रमानं केलं आणि त्याची किंमत मोजली.

माझी चूक

मी एकोणचाळीस वर्षांची असताना एका वर्गाची जाहिरात पाहिली. 'एका वर्षात ब्लॅक बेल्ट' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. वर्गात पंचवीस-तीस मुलं आणि मी एकटी बाई. दुसऱ्याच आठवड्यात सरांनी सगळ्यांना पाय फाकवून बसवलं. मुलं रबरासारखी बसली. मी अर्ध्यावर अडकले. सर मागून आले आणि "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत त्यांनी खांद्यावर दाब दिला. मांडीच्या मागे काहीतरी तुटल्यासारखं झालं.

डॉक्टर म्हणाले, स्नायू फाटता फाटता वाचलाय. तीन आठवडे लंगडत होते. आमचे नववीचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना कठडा धरायचा आणि खुर्चीवर बसून शिकवायचं. मुलांनी विचारलं तेव्हा खोटं सांगितलं की बाथरूममध्ये घसरले. खरं सांगायची लाज वाटली. घरी सासूबाई म्हणाल्या, "आता तरी पुरे." आणि मी खरंच सोडून दिलं, ते तब्बल तीन वर्षं.

दोष कराटेचा नव्हता, हे मला नंतर कळलं. आपण पाठ टाचण काढताना पहिल्या रकान्यात काय लिहितो? पूर्वज्ञान. समोरच्याला काय येतं, काय येत नाही, हे बघून मग पाठ सुरू. माझ्या बाबतीत तो रकानाच रिकामा होता. दहा वर्षांच्या मुलाला आणि दिवसभर उभं राहून पाय धरलेल्या बाईला एकच व्यायाम, एकाच दिवशी, एकाच मापानं. असं आपण वर्गात केलं असतं तर तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला असता.

आधी स्वतःला विचारा: मला नेमकं काय हवंय?

इथे प्रामाणिक राहायचं. लोकांना सांगायला 'स्वसंरक्षण' हे उत्तर बरं वाटतं, पण मनात बहुतेकदा दुसरंच असतं. कुणाला वजन आणि शुगर आटोक्यात आणायची असते. कुणाला मुलाबरोबर काहीतरी करायचं असतं. कुणाचं लहानपणी राहून गेलेलं असतं. कुणाला शाळा आणि घर सोडून तिसरी एखादी जागा हवी असते. यातलं कुठलंच कारण कमी प्रतीचं नाही. मात्र कारण स्पष्ट असलं की निवड सोपी होते. आता मुख्य प्रकार थोडक्यात बघू.

कराटे. ठोसे, लाथा आणि अडवणं. सरावाचे तीन भाग: मूलभूत हालचाली म्हणजे किहोन, ठरलेल्या क्रमाच्या हालचाली म्हणजे काता, आणि जोडीदाराशी कुमिते. आपल्या लोकांना एक गोष्ट आवडेल. ओकिनावा बेटावरचं हे कराटे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळांमध्ये आणलं अंको इतोसू यांनी. मुलांना जमावेत म्हणून त्यांनी सोपे काता तयार केले, म्हणजे चक्क पाठ्यक्रमच बसवला. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी हे तर पेशानंच शाळामास्तर. 1922 मध्ये त्यांनी टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि पुढे तिथेच राहून शिकवलं. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. कराटेचा मोठा फायदा हा की काता घरी, गच्चीवर, एकट्यानं करता येतो. जपायचं ते गुडघ्यांना. शोतोकान पद्धतीत खूप खाली बसून उभं राहायच्या पवित्र्यांवर भर असतो. गुडघा कुरकुरत असेल तर थोडं उंच उभं राहायची मुभा मागा. चांगला शिक्षक देतो. क्योकुशिन पद्धतीत मात्र अंगावर खरे फटके बसतात, हे माहीत असू द्या.

तायक्वांदो. कोरियाची कला. सन 2000 पासून ऑलिम्पिकमध्ये पदकांचा खेळ. भर लाथांवर, त्याही उंच आणि गिरकी घेऊन मारायच्या. बघायला सुरेख. पण चाळिशीत खुबा आणि मांडीचा मागचा भाग आखडलेला असतो, आणि गिरकीत सगळा पीळ उभ्या पायाच्या गुडघ्यावर येतो. वर्षभर कमरेएवढीच लाथ मारेन असं ठरवून जात असाल तर जरूर जा.

ज्युदो. पकडणं, तोल घालवणं, पाडणं, जमिनीवर दाबून धरणं. ठोसा-लाथ नाही. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात, बारा चटयांच्या जागेत, मोजक्या विद्यार्थ्यांसह हे सुरू केलं. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. लहानपणी अंगानं बारीक, दांडग्या मुलांचा त्रास सोसलेले. पुढे ते टोकियोतल्या शिक्षक घडवणाऱ्या मोठ्या संस्थेचे अनेक वर्षं मुख्याध्यापक होते. जुन्या युयुत्सूतले धोकादायक डाव त्यांनी मोकळ्या सरावातून काढले आणि सुरक्षित पडायला आधी शिकवलं. ज्युदोत खांदा, गुडघा आणि पायाची बोटं सांभाळावी लागतात.

ब्राझिलियन जिउ-जित्सू. ज्युदोच्याच झाडाची एक फांदी, आता आपल्या मोठ्या शहरांत बऱ्यापैकी मिळते. बहुतेक काम जमिनीवर, त्यामुळे उंचावरून पडणं कमी. सांधे पिरगळणं आणि गळा आवळणं हा त्याचा गाभा, म्हणून जोडीदार समंजस हवा.

बॉक्सिंग. दम वाढवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण नोकरी करणाऱ्या माणसानं डोक्यावर ठोसे घेत सराव करावा असं मला मुळीच वाटत नाही. बॅगवर मारा, प्रशिक्षकाच्या हातातल्या पॅडवर मारा, दोरीवरच्या उड्या मारा. समोरासमोरची लढत नको असेल तर पहिल्याच दिवशी तसं स्पष्ट सांगा.

ऐकिदो. हल्ल्याचा जोर वळवून घ्यायचा, मनगट धरायचं, गोल फिरायचं, लोळण घ्यायची. मुख्य प्रवाहातल्या ऐकिदोत स्पर्धा नसतात, त्यामुळे वयस्कांना दडपण वाटत नाही. आपल्याकडे मोजक्याच शहरांत वर्ग आहेत.

ताई ची. संथ, वाहत्या हालचाली. 'हे कसलं मार्शल आर्ट?' असं वाटेल, पण आहेच. 1956 मध्ये चीनमध्ये सामान्य लोकांसाठी चोवीस हालचालींचा सोपा क्रम बसवला गेला, तोच आज जगभर शिकवतात. वयस्कर माणसांचा तोल सुधारायला ताई चीचा उपयोग होतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. पन्नाशीपुढच्या किंवा गुडघ्यांचा जुना त्रास असलेल्या शिक्षकांनी सुरुवात इथून करायला काहीच हरकत नाही.

आपल्या मातीतलं. कुस्ती म्हटलं की आपल्याला खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. पण कुस्ती लहानपणापासून अंगात मुरवायची गोष्ट आहे. चाळिशीत थेट हौद्यात उतरून लढत करणं मानेला आणि पाठीला झेपत नाही. त्यापेक्षा जवळच्या तालमीत जाऊन वस्तादांना विचारा आणि जोर, बैठका, मुदगल एवढंच धरा. शरीर तयार होतंच. दुसरा चांगला पर्याय म्हणजे मर्दानी खेळातली लाठी. कोल्हापूरकडे ही परंपरा जोमात आहे, इतर गावांतही शिकवणारे भेटतात. अंगाला अंग लागत नाही, खर्च एका काठीचा, आणि दोन्ही हातांना वेगवेगळं काम करायची सवय लागते. ज्या बायकांना परक्या माणसाशी झटापट नको वाटते त्यांना लाठी सोयीची. वर्ग चांगला असेल तर मी कुणालाही लाठी डोळे मिटून सुचवेन.

यादी बघून लक्षात आलं असेल की प्रत्येकात काहीतरी चाळिशीला जमणारं आहे आणि काहीतरी दुखवणारं आहे. जमणारं आधी आणि दुखवणारं हळूहळू, हे ठरवणारा माणूस म्हणजे शिक्षक. म्हणून कलेच्या आधी मी वर्ग बघायला सांगते.

वर्ग बघायला जाल तेव्हा

पैसे भरायच्या आधी एक अख्खा तास कोपऱ्यात बसून बघा. "बघायला येऊ का?" म्हटल्यावर जो नको म्हणेल, तो वर्ग यादीतून काढून टाका. बसल्यावर नजर उत्तम विद्यार्थ्यावर ठेवू नका. तो कुठल्याही वर्गात उत्तमच असतो. सगळ्यात अडखळणारा कोण आहे ते शोधा आणि तासभर त्याच्याकडे बघा. त्याच्याजवळ कुणी जातं का? त्याला हसतात का? त्याच्यासाठी हालचाल सोपी करून देतात का? आपण त्याच्या जागी असणार आहोत.

मग शिक्षकाशी बोला. त्यानं तुमचं वय, जुनी दुखणी, बीपी, शुगर, ऑपरेशन हे स्वतःहून विचारलं तर मनात एक गुण द्या. आपणही चाळिशी ओलांडली असेल किंवा औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

जमीन बघा. पाडापाडी असेल तर खाली जाड मॅट हवी. टाइल्सवर किंवा फरशीवर सतरंजी टाकून पाडायला शिकवत असतील तर नमस्कार करून निघा.

'थांब' म्हटलं की थांबतात का, हे बघा. ज्युदोत आणि जिउ-जित्सूत जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर थापटी मारली की त्याचा अर्थ 'सोड'. ती थापटी पडताक्षणी पकड सुटली पाहिजे. एक क्षण जास्त धरून हसणारी मुलं दिसली आणि सर काही बोलले नाहीत, तर तो वर्ग तुमच्यासाठी नाही. तुमच्या मुलासाठीही नाही.

पैशाचं स्पष्ट विचारा. महिन्याची फी सगळे सांगतात. गणवेश, सभासद फी, दर परीक्षेची फी, पट्ट्याचे पैसे, शिबिर, हे सगळं मिळून वर्षाला किती, ते कागदावर लिहून मागा. आणि ठरावीक मुदतीत काळा पट्टा देतो असं जो सांगतो त्याच्यापासून जरा लांबच राहा. जपानी पद्धतीत काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीला 'शोदान' म्हणतात. यातल्या 'शो'चा अर्थच सुरुवात असा आहे. म्हणजे बाराखडी पूर्ण झाली, आता वाचायला बसा. बाराखडीची हमी मुदतीवर कशी देणार?

मैत्रिणींसाठी थोडं वेगळं. जोडीदार कोण असेल, तो बदलून मागता येतो का, कपडे बदलायला जागा आहे का, एखादा सराव नको असेल तर नाही म्हणता येतं का, हे विचारायला लाजू नका. नाही म्हणता येत नसेल तर तिथे स्वसंरक्षण काय शिकणार आपण?

शेवटचं अंतर. माझा अनुभव असा की वर्ग घरापासून किंवा शाळेपासून पंधरा मिनिटांच्या आत नसेल तर तो दोन महिन्यांत सुटतो. आपल्याला बीएलओची ड्युटी असते, ऑनलाइन माहिती भरायची असते, पेपर तपासायचे असतात. शहराच्या दुसऱ्या टोकाचा नावाजलेला वर्ग बुडवण्यापेक्षा जवळचा साधा पण नीट वर्ग नियमित केलेला बरा.

सुरुवात किती करायची?

आठवड्यातून दोन दिवस. एवढंच. पहिले आठ आठवडे तिसरा दिवस धरायचा नाही, कितीही उत्साह आला तरी. दम आणि स्नायू लवकर सुधारतात, पण स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे आणि सांध्यांचे बंध सावकाश तयार होतात. म्हणून दोन महिन्यांनी अंगात बळ आल्यासारखं वाटतं तेव्हाच जास्त जपायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं अंग ठणकतं, ते चालतं. पण सांध्यात कळ आली, सूज आली, किंवा एकाच बाजूला दुखत राहिलं तर थांबायचं आणि दाखवून घ्यायचं. आठ आठवड्यांनी ठरवा, पुढे चालू ठेवायचं का.

स्वसंरक्षणाबद्दल खरं खरं

वर्ष-दोन वर्षं शिकून कुणी चाकूवाल्याला नमवेल असं मी तरी कुणाला सांगणार नाही. पर्स मागितली तर देऊन टाकावी, आरडाओरडा करावा, पळावं, 112 नंबरला फोन करावा. हे कुठल्याही पट्ट्याच्या आधी. कुणी याहून मोठं आश्वासन देत असेल तर ते सिनेमातलं आहे.

पण मला जो उपयोग झाला तो सांगते. गेल्या पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यातल्या शेवाळलेल्या शहाबादी फरशीवर वह्यांच्या गठ्ठ्यासकट माझा पाय सटकला. वह्या कुठच्या कुठे गेल्या. मी पाठीवर पडले, पण हनुवटी आपोआप छातीला लागली होती आणि मोकळा हात जमिनीवर सपाट आपटला होता. कोपराला खरचटलं, बाकी काही नाही. आपल्या वयात रस्त्यावरच्या गुंडापेक्षा ओल्या फरशीशी गाठ पडण्याची शक्यता कितीतरी जास्त. पडताना आपण सहज तळहात मागे टेकतो आणि मनगट मोडून घेतो. डोकं मागे आपटतं. ही सवय मोडायला शिकवतात त्याला ज्युदोत 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात अंगापासून थोडे लांब सपाट आपटायचे, श्वास सोडायचा. हे वाचून करून बघू नका, मॅटवर शिकवणाऱ्यासमोरच करा. कुठलीही कला निवडा, पण पडायला शिकवणारा वर्ग मिळाला तर त्याला एक गुण जास्त द्या.

आणि आता जे सांगायला हा लेख लिहिला

तीन वर्षांनी पुन्हा धाडस केलं, ते दहा मिनिटांवरच्या एका हॉलमध्ये ज्युदोचा वर्ग होता म्हणून. ज्युदोच हवं असं काही मनात नव्हतं. एक तास बघितला, सरांनी गुडघ्याचं विचारलं, मॅट जाड होती. एवढ्यावर नाव घातलं.

तिथे रांग पट्ट्यानुसार लागते. पांढरा पट्टा शेवटी. म्हणजे मी शेवटी, आणि माझ्या बऱ्याच पुढे निळ्या पट्ट्यात आमच्याच शाळेची नववीतली एक मुलगी. मी तिला गणित शिकवते. उपचारात्मक वर्गाच्या यादीत तिचं नाव मीच घातलेलं होतं. सरांनी मला पडायला शिकवायचं काम नेमकं तिच्याकडे दिलं.

मला घाम फुटला. विद्यार्थिनीसमोर मागे पडायचं! ती मात्र शांत होती. आधी मला मॅटवर बसवलं आणि बसल्या बसल्या मागे लोळायला लावलं. वीस वेळा. दुसऱ्या दिवशी उकिडवं बसून. उभ्यानं पडायला लावलं ते तिसऱ्या आठवड्यात. "सोपं तर आहे, मॅडम" असं ती एकदाही म्हणाली नाही. मी किती वेळा म्हणते हे वाक्य, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

एकदा मी पुन्हा पुन्हा ताठ होऊन पडत होते. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही पडायच्या आधीच श्वास धरून ठेवता. माझंपण तसंच व्हायचं."

"कधी?"

"इथं पहिल्या महिन्यात. आणि तुमच्या तासाला फळ्यावर बोलावता ना, तेव्हा अजून होतं."

तिनं ते तक्रार म्हणून सांगितलंच नव्हतं. ताठ का पडतेय ते समजावत होती. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. वीस वर्षं मी मुलांना फळ्याशी बोलावतेय. 'भीड चेपावी म्हणून' असं आपण म्हणतो. पण बसून, मग उकिडवं, मग उभ्यानं, अशा पायऱ्या मी कुणाला दिल्या होत्या? मी थेट उभ्यानंच पाडत होते की! खांद्यावर दाब देणारे ते पहिले सर आणि मी, यांत फरक काय?

आता मी उदाहरण आधी वहीत सोडवायला देते, मग शेजारच्याला समजावायला लावते, मग विचारते की फळ्यावर कोण येतंय. नाही म्हणायची मुभा असते, थापटी मारल्यासारखी. बीजगणितात ती मुलगी काही पहिली आली नाही. अजूनही अडखळते. पण आता हात वर करून म्हणते, "मॅडम, ही पायरी परत सांगा." आधी ती मान खाली घालून बसायची.

कुणी म्हणेल, व्यायामच करायचा तर रोज चालणं पुरे की. चालणं उत्तमच आहे, सोडू नका. पण चालताना आपल्याला कुणी चुकलात असं सांगत नाही. शिक्षकाच्या आयुष्यात दिवसभर आपणच बरोबर असतो. आठवड्यातून दोन तास अशा ठिकाणी जावं जिथे आपल्याला डावा-उजवा कळत नाही आणि एखादं पोर आपल्याला धीरानं शिकवतं, असं मला आता मनापासून वाटतं. बी.एड.नंतर मला मिळालेलं सगळ्यात उपयोगी प्रशिक्षण हेच.

त्या वडिलांना हा लेख उद्या पाठवते. त्यांना माझं उत्तर एवढंच: घराजवळचे दोन वर्ग शोधा, दोन्हीकडे एक-एक तास बसून बघा, डॉक्टरांना शुगरचं सांगा, आणि मग कराटे असो, ज्युदो असो, लाठी असो, आठ आठवडे करून बघा.

आणि एक विनंती. वर्ग बघायला जाताना मुलीला बरोबर न्या. पहिल्या दिवशी तुम्ही अडखळाल, ते तिला बघू द्या. घरी आल्यावर तिनं "बाबा, असं नाही, असं" म्हणून दाखवलं तर ऐकून घ्या.